नसलेला नेम

मी एक खोटे बोललो आहे. अकरावीत असताना बोललो, त्याला दहा शब्दसुद्धा लागले नाहीत, आणि ते मागे घ्यायला सदतीस वर्षे लागली. मधल्या काळात मी साजगावच्या एका कारखान्याच्या कचेरीत नोकरी केली, संसार केला, दोन मुलांना खोटे बोलू नये म्हणून रागे भरलो, आणि दर पौर्णिमेला विहारात पहिल्या रांगेत बसून खोटे न बोलण्याचे शील खणखणीत, स्वच्छ उच्चारांत ग्रहण केले. उच्चार माझे लहानपणापासून स्वच्छ होते. साऱ्या घोटाळ्याचे मूळ तेच.

आमची वस्ती कर्जतच्या बाहेर, खालापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला होती. रूळ हाकेच्या अंतरावर. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडत, आणि ती जोडताना बसणारा दणका आमच्या मांडणीवरच्या भांड्यांना आमच्याआधी कळायचा. आईने घड्याळ कधी वापरले नाही. पेले किणकिणले की ती म्हणे, "पुन्याची गेली. तांदूळ धू गं." आणि बहीण तांदूळ धुवायला बसे. आप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत घाटातल्या टोळीचे मुकादम होते. दिवसभर ठाकुरवाडीच्या बाजूला रुळांची देखभाल करायची, संध्याकाळी घरी येऊन बुटांतली खडी अंगणात झटकायची, आणि पांढरा सदरा चढवून वस्तीतल्या कुणाचे लग्न, कुणाचे नामकरण, कुणाचे अखेरचे कार्य पार पाडायला जायचे. आमच्यात अशा माणसाला बौद्धाचार्य म्हणतात. आप्पा चौथी शिकलेले होते. पाली गाथा त्यांनी ऐकून पाठ केल्या होत्या आणि रुळावरचा हातोडा मारावा तशा ठाम, एका लयीत ते त्या म्हणत. मला ती लय गावंढळ वाटे. मी कर्जतच्या वाचनालयातून पुस्तक आणून ऱ्हस्व-दीर्घ पाहून गाथा पाठ केल्या आणि सोळाव्या वर्षी वस्तीचे भूषण ठरलो. लोक माझ्याकडून म्हणवून घेत, बायका डोळे पुसत, आणि कुणीही मला त्यांचा अर्थ विचारीत नसे. मला तो येत नव्हता. वंदनेच्या वेळी आप्पा सोप्या शब्दांत अर्थ सांगू लागले की मी पुढच्या गाथेचे ऱ्हस्व-दीर्घ मनात जुळवीत बसे.

आप्पांच्या टोळीत हाशा नावाचा एक ठाकर आदिवासी होता, ठाकुरवाडीचा. दोघांची मैत्री अशी की डबा एकाचा उघडे आणि हात दोघांचे जात. एका पावसाळ्यात रुळाकडेचे गवत कापताना हाशाला पान लागले. आमच्याकडे साप चावला असे म्हणत नाहीत, म्हटले तर तो पुन्हा येतो अशी समजूत आहे. म्हणून पान लागले म्हणायचे, आणि बाहेरगावच्या माणसाने ते ऐकून पानाला का एवढे घाबरता असे विचारायचे, हे आमच्या भागात नेहमीचे. खाली नेईपर्यंत वेळ उरला नाही. हाशाचे डोके आप्पांच्या मांडीवर होते. त्या क्षणी आप्पांना दुसरे काही सुचेना, तेव्हा आमच्यात मृत्यूच्या वेळी ज्या चार ओळी म्हणतात त्या त्यांनी हाशाच्या कानात म्हटल्या. मग त्याला उचलून वाडीवर नेले आणि त्याच्या बायकोला, भागीला, एवढेच सांगितले की आमच्यात मरणाच्या वेळी म्हणतात ते चार शब्द मी शेवटी त्याच्या कानात बोललो, आणि तो शांत गेला.

भागीकाकी त्यानंतर दर रविवारी खाली येऊ लागली. डोक्यावर पाटी, पाटीत जे मोसमाचे असेल ते, करवंदे, कंद, पावसात शेवळं. शेवळांची भाजी घसा खाजवते, म्हणून ती न विसरता सोबत मूठभर काकडं, म्हणजे आंबट रानफळे, आणी आणि आईला दर वेळी नव्याने बजावी, "वयनी, काकडं घाल गं, नायतर मला शिव्या देशील." बाजार उरकला की ती विहाराच्या काळ्या दगडी पायरीवर येऊन बसे. आमच्या विहारात त्या काळी एक खोली, कौलारू छप्पर, प्लास्टरची मूर्ती आणि एक निळी सतरंजी होती. ती आत येत नसे, पायरीवर बसून ऐके. आणि वस्तीत कुणी वारले तर कुठून कळे कोण जाणे, पण ती हजर. लोक म्हणत, भागीला किती माया. तीन महिन्यांत ती आमच्या चार अंत्यसंस्कारांना आली, त्यांतल्या दोघांना तिने जिवंतपणी पाहिलेही नव्हते. ती त्या चार ओळी ऐकायला येत होती. अंत्यविधीत आप्पा अर्थ सांगत नसत.

एका रविवारी तिने मला पायरीजवळ गाठले. माझ्यासोबत वस्तीतली दोन मुले होती आणि मी त्यांचे उच्चार सुधारत होतो.

"पोरा, एक इचारू?" ती म्हणाली. "मेलेल्या मानसापाशी तुमी ते चार शब्द बोलता, त्यात काय सांगता रं?"

मी म्हटले, "आप्पांना विचार ना."

"त्याला कसं इचारू? हाशाचं नाव काढलं का त्याचे डोळे भरतात. तू शिकलेला. माझ्या नवऱ्याला जाताना शेवटचं जे सांगितलं, ते सगळ्या जगाला ठावं असंल आन् मलाच नाय. बायकोला नको का म्हाईत?"

दोन्ही मुले माझ्या तोंडाकडे पाहत होती. 'मला येत नाही' हे तीन शब्द त्या वेळी माझ्या तोंडून निघेनात. मी मान ताठ केली आणि म्हणालो, "काकी, अर्थ बाहेरच्यांना सांगत नाहीत. तसा नेम आहे."

ती रागावली असती तर बरे झाले असते. तिचा चेहरा एकदम कावराबावरा झाला. तिने जीभ चावली, दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "अगं बाय! मंग नको सांगू रं. मला काय ठावं? आमच्यातबी हाय तसं. पेरनीच्या आधी आमचा भगत डोंगराला जे बोलतो, ते आमी कुनाला सांगत नाय. नेम म्हंजे नेम. माझ्या पायी तुझा मोडला असता. आन् मी इतके दिवस पायरीवर बसून तुज्या बापानं सांगितलेला अर्थ आयकत व्हते! चुकलं माझं, पोरा."

माफी तिने मागितली. मी ती, मोठ्या मनाने, स्वीकारली.

आठ दिवस मला अन्न गोड लागले नाही, हे खरे असले तरी त्यात पश्चात्तापापेक्षा भीती अधिक होती. आप्पांच्या कानावर गेले तर? शेवटी एका संध्याकाळी ते अंगणात बुटांतली खडी झटकत असताना मी सहज विचारल्यासारखे विचारले की त्या चार ओळींचा अर्थ काय.

आप्पांनी वर पाहिले. "आरं, तुला ठावं नाय? येवढ्या खड्या आवाजात म्हनतोस की."

"ठाऊक आहे. तुमच्या तोंडून ऐकायचा होता." हे दुसरे खोटे.

त्यांनी दुसरा बूट झटकून खाली ठेवला. मग म्हणाले, "जे जुळून येतं ते सुटतं. आलेलं जातं. ही ओढाताण थांबली का मानूस शांत होतो. बास, येवढंच. म्हंजे मी हाशाला म्हनलं, सोड आता गड्या. बरं वाटंल."

इतके सोपे होते. वाडीपर्यंत चढून जायला मला अडीच तास लागले असते आणि सांगायला अर्धे मिनिट. मी गेलो नाही. पुढच्या रविवारी सांगू म्हटले, आणि पुढच्या रविवारी भागीकाकी वाडीतली आणखी दहा-बारा माणसे घेऊन आली. हाशाच्या मित्राचे घर, हाशाच्या मित्राचा विहार, म्हणून सगळी मोठ्या आपुलकीने आली होती. सगळी पायरीवर आणि पायरीखाली ओळीने बसली. वंदना झाली. आप्पांनी रिवाजाप्रमाणे अर्थ सांगायला तोंड उघडले, आणि बाहेर बसलेल्या सर्व माणसांनी, म्हाताऱ्यांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत, शांतपणे कानांत बोटे घातली. लहान पोरांच्या कानांत त्यांच्या आयांनी घातली.

आज हे लिहिताना हसू येते. तेव्हा मला घाम फुटला होता.

आप्पांना ते इतके लागले की पाहुण्यांना कारण विचारायचाही त्यांना संकोच वाटला. त्या दुपारी त्यांनी विहारात बैठक बोलावली. "आपल्याला किती पिढ्या दाराबाहेर ठेवलं, ठावं हाय ना?" ते म्हणाले. "अर्थ आपल्या कानावर पडू नये म्हनून काय काय केलं लोकांनी. आन् आता आपल्या दाराबाहेर मानसं बसतात, कान बंद करून. म्हंजे आपलंच काय तरी चुकतंय. आपली भाषा त्यांना परकी वाटते. ती मला सोपी करून पायजेल." त्या वाक्यावर खरे तर मी उभा राहून बोलायला हवे होते. मी पाणी आणायला उठलो.

समिती नेमली गेली. आप्पा, निवृत्त शिक्षक असलेले मास्तर, आणि महिला मंडळाच्या सुमनमावशी, ज्यांचा आवाज रुळापलीकडे जाई. लेखनिक मी. मास्तरांनी पंधरा दिवस खपून 'सुबोध अर्थदीपिका' नावाची आठ पानी पुस्तिका लिहिली. समितीपुढे त्यांनी तिचे पहिले वाक्य वाचले, "प्रस्तुत पुस्तिकेचे प्रयोजन गाथांतर्गत आशयाचे सर्वजनसुलभ विशदीकरण हे होय."

सुमनमावशी म्हणाल्या, "मास्तर, हे सोपं करून लिवायचं होतं ना?"

"हे सोपेच आहे," मास्तर दुखावून म्हणाले. "अवघड मी फाडून टाकले."

तडजोड म्हणून दीपिकेतल्या कठीण शब्दांचे अर्थ देणारी एक पुरवणी काढायचे ठरले. ती बारा पानांची झाली. दोन्ही पुस्तिका पायरीवर मोफत ठेवल्या. रविवारी भागीकाकीने तो गठ्ठा पाहिला, वरच्या प्रतीवर 'अर्थ' हा शब्द आहे हे वाडीतल्या एका शाळकरी पोरीने वाचून दाखवले, आणि काकीने झटक्यात पदर टाकून गठ्ठा झाकला. दोन्ही हातांनी उचलून तिने तो आमच्या घरी आईकडे आणून दिला. "वयनी, हे तुमचं बाहेर पडलं व्हतं. कुनी बघायच्या आत ठेवून द्या." आईने ठेवून दिले. पुढे वर्षभर आमच्याकडे सुकट त्या कागदांत बांधली जाई.

मग कर्ण्याचा उपाय निघाला. सुमनमावशींच्या भाच्याचे चौक गावात गॅरेज होते, त्याने कर्णा आणि बॅटरी दिली. कल्पना अशी की लोक लाजतात, आत यायला बिचकतात, तर अर्थच बाहेर त्यांच्यापर्यंत पोहोचवावा. कर्णा पायरीकडे तोंड करून बांधला. मास्तर अर्थ सांगू लागताच पाहुणे मंडळी उठली आणि नम्रपणे जांभळाच्या झाडाखाली जाऊन बसली. कर्णा जांभळाकडे वळवला. मंडळी रस्त्यापलीकडे गेली. पुढच्या रविवारी कर्णा छपरावर चढवला, तेव्हा ती नदीच्या पुलावर जाऊन बसली आणि जाताना आमच्याकडे पाहून, काळजी करू नका, अशा अर्थी हात हलवत राहिली. त्यांचा आमच्यावर राग नव्हता. उलट एवढी गुपिते इतक्या मोठ्या आवाजात बोलण्याची आमच्यावर काय वेळ आली असेल, याचे त्यांना वाईट वाटत होते. भागीकाकी आईला म्हणाली देखील, "वयनी, तुमच्या मास्तरला काय झालंय गं? जपा त्याला."

पण त्या सगळ्यांत एक नवल घडले. तिसऱ्या रविवारी भागीकाकीचा धाकटा दीर, गोमा, चपला काढून सरळ विहारात आला आणि सतरंजीवर पहिल्या रांगेत बसला. मास्तरांचा अर्थ चालू झाला तरी तो हलला नाही. डोळे मास्तरांच्या ओठांवर, मान डोलते आहे, चेहऱ्यावर प्रसन्नता. मास्तर त्या दिवशी दीड तास बोलले. ते संपताच गोमा बाहेर आला, खांद्यावरचे लाल फडके त्याने पुलाच्या दिशेने तीनदा हलवले, आणि सगळी मंडळी वंदनेनंतर वाटल्या जाणाऱ्या खिरीच्या वेळेला बरोबर परत आली. पुढे प्रत्येक रविवारी हेच. मास्तरांचे डोळे पाणावत. "एक माणूस," ते मला सांगत, "एक माणूस जरी असा ऐकणारा मिळाला, तरी दीपिका सार्थकी लागली." समितीच्या अहवालात मी लिहिले, 'नवागतांपैकी एकजण आत बसू लागले असून त्यांची एकाग्रता अनुकरणीय आहे.' लिहिताना मला पक्के ठाऊक होते की गोमाला लहानपणच्या तापापासून काडीचेही ऐकू येत नाही.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. पावसाळ्याचे तीन महिने ग्रंथवाचन चालते, त्याची सांगता होते, खीर होते, गोडाचे जेवण होते. त्या वर्षी समितीने गोमाचा 'उत्तम श्रोता' म्हणून सत्कार ठरवला. शाल आणली. मास्तरांनी त्याच्या श्रवणशक्तीवर वीस मिनिटे भाषण केले. पुलावरून बोलावून घेतलेली सारी वाडी दारापाशी उभी होती, आणि भाषणात अर्थ येणार नाही असे मी त्यांना स्वतः वचन दिले होते. ते मात्र खरे होते, मास्तरांच्या भाषणात अर्थ आला नाही. शाल पांघरल्यावर सुमनमावशींनी हाताने खूण केली, दोन शब्द बोला. गोमाने सभेकडे पाहिले, घसा साफ केला आणि ऐकू न येणारी माणसे बोलतात तसा मोठ्याने बोलला, "मला कायबी आयकू येत नाय. लानपनापास्नं. म्हनून तर आमच्या मानसांनी मला आत बसवलाय. तुमचं गुपित माझ्यापाशी सुखरूप हाय!"

मागच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या, कारण ते ऐकत नव्हते. बाकीच्यांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तर खुर्चीवर टेकले.

"कसलं गुपित?" आप्पांनी विचारले.

दारातला एक तरुण पुढे झाला. "अर्थाचं, मुकादम. तुमच्यात बाहेरच्याला अर्थ सांगायचा नाय, नेम हाय ना. आमी पाळतो."

"आसा नेम?" आप्पांचा आवाज बदलला. "आमच्यात? कुनी सांगितला तुमाला?"

खालून मालगाडीला मागचे इंजिन लागल्याचा दणका आला आणि मूर्तीपुढच्या समईसारख्या पितळी दिवठाणाची वात हलली. भागीकाकीने माझ्याकडे पाहिले. मी त्या वातीकडे पाहिले. माझा चेहरा पांढरा पडला असणार, कारण तिने तो वाचला, आणि चुकीचा वाचला. मला नंतर उमगले की तिला वाटले, नेम आहे हेसुद्धा बाहेरच्यांना सांगायचे नसते. पोराने आपल्याला विश्वासात घेऊन सांगितले आणि आता आपल्यामुळे पोर अडचणीत आले.

ती पायरी चढून प्रथमच उंबऱ्यात आली. "कुनी सांगितला नाय, दादा. ह्या पोराला काय ठावं नाय, ह्यो येडा हाय. नेम आमचाच हाय. आमच्यात दुसऱ्याच्या देवाचा अर्थ आयकत नाय."

बुद्ध हे देव नव्हेत हे समजावण्यासाठी मास्तर उठू लागले, तेव्हा सुमनमावशींनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवले. मी बोलायचे होते ते त्या क्षणी. काकी माझ्या बाजूने उभी असताना, एक वाक्य. मी वातीवरची काजळी झाडली.

आप्पा उठून दाराशी आले. मग त्यांनी वाडीच्या माणसांना हात जोडले. "आमाला ठावं नव्हतं. कर्णा लावून छळलं तुमाला. हितनं पुढं तुमचा नेम ह्या विहारात मोडनार नाय." आणि समितीच्या ठरावाने भिंतीवर पाटी लागली : 'पाहुणे मंडळी उपस्थित असताना अर्थ सांगू नये.' पुढच्या रविवारी वाडीची सगळी माणसे पायरी चढून आत आली आणि निळ्या सतरंजीवर आमच्या मांडीला मांडी लावून बसली. आप्पांना जे हवे होते ते झाले. दार उघडले. फक्त अर्थ तेवढा बाहेर राहिला, आणि पाहुणे आता प्रत्येक वंदनेला उपस्थित असल्यामुळे तो परत आत आलाच नाही.

तरुणपण असेच संपले म्हणायचे. पुढे मी समितीचा सचिव झालो. पाटी मी तीनदा रंगवून घेतली. आमच्या वस्तीतली एक पिढी ती पाटी वाचत मोठी झाली आणि तिला वाटते की हा फार जुना रिवाज आहे. मुंबईहून सुटीला आलेल्या एका नातेवाईक मुलीने मला एकदा विचारले की काका, याचा अर्थ काय, तेव्हा मी पाटीकडे बोट दाखवले आणि भागीकाकीने शेजारून तिला प्रेमाने समजावले, "नको गं इचारू, बाय. त्यांना सांगवत नाय." ज्या घरातल्या आजोबांच्या कानांपासून अर्थ मुद्दाम लांब ठेवला गेला, त्या घरातला मी. त्याच गोष्टीची मी पाटी रंगवली, चांगल्या ऑइलपेंटने. याहून लाजिरवाणे मला माझ्याविषयी काही लिहिता येत नाही.

गेल्या थंडीत आप्पा गेले. नव्वदीला आले होते. भागीकाकीला तिचा नातू मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. आता ती वाकली आहे, एका डोळ्यात पडदा आला आहे. त्या चार ओळी म्हणायची पाळी माझी होती. मी त्या माझ्या स्वच्छ उच्चारात सुरू केल्या आणि दुसऱ्या ओळीला माझ्या नकळत आप्पांच्या हातोड्याच्या लयीत म्हणू लागलो. संपल्यावर मान वर केली. ती समोर उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि दोन्ही हातांची पहिली बोटे कानांजवळ तयार धरलेली होती. दुःखाच्या भरात माझ्या तोंडून चुकून अर्थ निघाला तर तो ऐकला जाऊ नये म्हणून. सदतीस वर्षे ती बाई माझा नेम सांभाळत होती.

पुढच्या रविवारी मी ठाकुरवाडीला गेलो. अडीच तासांची चढण मला या वयात चार तास लागली. भागीकाकी अंगणात वाल सोलत बसली होती. पलीकडे गोमा उन्हाला बसला होता, खांद्यावर तीच शाल, विरून जाळी झालेली. मी काकीसमोर मातीत बसलो. गाथा सोडल्या तर माझा आवाज मुळातच हळू. कारखान्याच्या कचेरीत लोक मला दोनदा विचारीत. मी म्हणालो, "काकी, आप्पांनी हाशाकाकांना शेवटी काय सांगितलं, ते सांगायला आलोय."

वाल तिच्या हातातून सुटले. "नको रं पोरा. बाप गेला तर तुझं मन हललंय. नेम आता तुलाच सांबाळायचा." आणि तिने दोन्ही कानांत बोटे घातली, डोळे मिटले.

मी म्हणालो, नेम नव्हता. तिने ऐकले नाही. मी जवळ सरकून पुन्हा म्हणालो. तिने बोटे आणखी आत सारली आणि मान हलवू लागली. शेजारच्या घरांतून बायका बाहेर आल्या. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी ओळखले आणि रीतीप्रमाणे त्याही कानांत बोटे घालून उभ्या राहिल्या. अंगणात पंधरा-वीस माणसे, सगळ्यांचे कान बंद, आणि मध्ये मी, पुटपुटणारा. गोमाने हे सगळे डोळे बारीक करून पाहिले. मग काठी आपटून तो ओरडला, "मोठ्यानं बोल रं! तिला आयकू येत नाय!"

आणि मी ओरडलो. जन्मात पहिल्यांदा ओरडलो, आणि माझ्या घासूनपुसून ठेवलेल्या भाषेऐवजी तोंडातून वस्तीची बोली बाहेर पडली. "काकी, नेम नव्हताच! आमच्यात आसा कायबी नेम नाय! मला अर्थ ठावं नव्हता, म्हनून मी खोटं बोललो!" आवाज समोरच्या कड्यावर जाऊन परत आला. घाटात चढणाऱ्या गाडीच्या दारातले कुणीतरी वळून पाहत होते.

बायकांचे हात खाली आले. भागीकाकीने डोळे उघडले, आणि फक्त एका कानातले बोट काढले.

"काय म्हनलास?"

मी तिचा दुसरा हात हळूच धरून खाली घेतला आणि, आता ओरडायची गरज नव्हती तरी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, पुन्हा सांगितले, "माझं चुकलं, काकी. मला येत नव्हतं, आन् मी तुला बाहेरची म्हनलं. मला माफ कर."